तांग्विस्तल या नावाचा अर्थ

सन १९८४ च्या एप्रिल महिन्यातील पहिल्या शनिवारी, सकाळी, कार्डिफ शहराच्या जुन्या छपराखालच्या बाजारात, मासळीच्या ओट्यासमोर, इद्वल हम्फ्रीज या एकोणसाठ वर्षांच्या अविवाहित लॅटिन शिक्षकाने आपल्या पाठीमागून आलेली एक हाक ऐकली आणि त्याच्या हातातली उकडलेल्या शिंपल्यांची, तिसऱ्यांची, पुडी ओल्या फरशीवर पडली. हाक त्याच्यासाठी नव्हती. तीत एकच शब्द होता आणि तो शब्द या बाजारात, या शहरात, किंबहुना त्याच्या स्वतःच्या डोक्याबाहेर कोठेही उच्चारला जाणे त्याने फार वर्षांपूर्वी अशक्य कोटीत टाकून दिले होते. म्हणून त्याला प्रथम वाटले की आपणच बोललो. माणूस एकटा राहू लागला की मनातले वाक्य केव्हातरी ओठांतून निसटते, हे त्याला ठाऊक होते. पण आवाज बाईचा होता, तरुण होता, आणि चिडलेला होता.

"तांग्विस्तल! थांब म्हटलं ना! ओलं आहे तिथं, आपटशील!"

लाल बूट घातलेली तीनेक वर्षांची एक मुलगी त्याच्या गुडघ्यावर येऊन धडकली, त्याच्याकडे मान वर करून पाहू लागली, आणि मग खाली पडलेल्या तिसऱ्यांकडे अधिक आस्थेने पाहू लागली. मागून तिची आई धावत आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मुलीची टोपी.

"माफ करा हं. बघ, काय केलंस! काकांचं सगळं सांडलंस."

"तिनं नाही सांडलं," इद्वल म्हणाला. "तुम्ही हिला काय हाक मारलीत?"

"तांग्विस्तल." तिने सवयीने ते तोडून तोडून सांगितले. "लिहून देऊ? सगळ्यांना लिहूनच द्यावं लागतं. आमच्या सासूबाई तर अजून 'टँगो' म्हणतात. कुत्र्याला म्हणावं तसं."

"तांग्विस्तल," इद्वल म्हणाला. शेवटच्या दोन व्यंजनांना स्वराचा आधार न देता, जीभ दातांमागे टेकवून, श्वास जिभेच्या दोन्ही कडांनी हळूच सोडत, जसे म्हणायला हवे तसे.

"अगंबाई! तुम्हाला येतं की!"

"मास्तरांना सगळं येतं," ओट्यामागची मासेवाली बर्फ पसरता पसरता म्हणाली. "एक लग्न सोडून."

दोघी हसल्या. इद्वलला एरवी या विनोदाचा राग येत नसे. तो जुना होता आणि दर शनिवारी ताज्या माशांबरोबर नव्याने मांडला जाई. आज त्याला तो ऐकूच आला नाही. त्याने विचारले, "हेच नाव का ठेवलंत?"

"अर्थ छान आहे ना! शांती. पुस्तकात होतं."

"शांती नव्हे." त्याच्या आवाजात वर्गातली धार आली. "पुस्तक अर्धवट आहे. नावाचा पहिला भाग म्हणजे शांती, तह. पण दुसरा भाग म्हणजे ओलीस. तह मोडू नये म्हणून दुसऱ्याच्या घरी ठेवलेलं माणूस. तहाची ओलीस, असा पुरा अर्थ."

"ओलीस? ते विमानं पळवतात, तसली?" तिने मुलीकडे पाहिले. मुलगी एक तिसरी तोंडात घालण्याच्या बेतात होती. आईने ती तिच्या मुठीतून काढून घेतली. "मग बरोबरच आहे. फक्त आमच्याकडे ओलीस आम्ही दोघं आहोत." मग इद्वलचा चेहरा पाहून ती जरा गंभीर झाली. "खरं सांगू का, अर्थाचं मागाहून बघितलं. माझ्या वर्गात शान नावाच्या चार मुली होत्या, मी पाचवी. बाईंनी हाक मारली की पाच माना वळायच्या. तेव्हाच ठरवलं होतं, आपल्या मुलीला हाक मारली की तीच वळली पाहिजे, दुसरं कुणी नाही." ती हसली. "आज पहिल्यांदा दुसरं कुणीतरी वळलं."

बाजाराबाहेर खाणकामगारांच्या संपासाठी वर्गणीचे डबे वाजवत माणसे उभी होती. इद्वल त्यांच्यासमोरून, मग चुकीच्या गल्लीतून, मग पुन्हा त्यांच्यासमोरून गेला. एक डबेवाला म्हणालाही, "काय साहेब, दर्शनालाच येताय काय?" पण इद्वलच्या कानांत ती हाकच घुमत होती, आणि हाकेहून अधिक त्याला आणखी एका गोष्टीने हादरवले होते. ते नाव आज त्याने स्वतः मोठ्याने उच्चारले होते. कोणा अनोळखी बाईसमोर, मासळीच्या वासात, सहजी. आणि ते उच्चारले गेले होते. जीभ अडखळली नव्हती, आकाश कोसळले नव्हते. मग ज्या एका व्यक्तीसमोर ते उच्चारायला हवे होते तिच्यासमोर ते आयुष्यात एकदाही का उच्चारले गेले नाही? नाव तिचेच, पण ती सगळ्यांची 'तांग' होती. तिच्या घरी, त्याच्या घरी, प्रार्थनामंदिरात, शाळेत, सर्वत्र 'तांग'. इद्वलला हे तोडलेले नाव मोडक्या मूर्तीसारखे वाटे, म्हणून तो ते घेत नसे. आणि अखंड नाव त्याला इतके मोलाचे वाटे की रोजच्या वापरात आणवत नसे. परिणामी तो तिला काहीच म्हणत नसे. तो तिच्याजवळ जाऊन उभा राही आणि ती वळून पाहीपर्यंत वाट पाही.

रोथ भागातल्या आपल्या दोन खोल्यांत येऊन तो खिडकीपाशी बसला. कोट त्याने काढला नाही. समोर तळे होते, तळ्यावर बदके होती, आणि त्या सगळ्याच्या आरपार त्याला तो डोंगर दिसू लागला, ज्याच्या एका कुशीला त्याचे घर ब्रिन हेलिग आणि दुसऱ्या कुशीला तिचे घर तिद्दिन. मध्ये कुंपण नव्हते. डोंगराला कुंपण घालता येत नाही, आणि घालण्याची गरजही नसते, कारण कुठले रान आपले हे मेंढी जाणते. आई ज्या उतारावर चरली त्याच उतारावर कोकरू चरते, मोठे होते, आणि आपल्या कोकराला तेच शिकवते. खरेदी-विक्रीतसुद्धा त्या मेंढ्या डोंगराबरोबरच जातात. त्यांना हलवले तर पुढच्या कळपाला ती न दिसणारी रेघ कोण शिकवणार? ब्रिन हेलिगच्या मेंढ्या ओढ्याच्या अलीकडे, तिद्दिनच्या पलीकडे. इद्वल लहानपणी तासन् तास त्या ओढ्याकाठी बसून पाहत राही. वाटेत काही अडसर नसता ती जनावरे एका ठरावीक जागी येऊन थांबत, मान वर करीत, आणि मागे फिरत. पलीकडचे गवत तितकेच हिरवे असे.

त्या रेघेवरूनच भांडण झाले होते. प्रत्येक घराची मेंढीच्या कानावरची खूण वेगळी. कोणाचा कान टोकाला छाटलेला, कोणाचा खालून खाचलेला. ब्रिन हेलिगच्या एका मेंढीच्या कानावर मूळ खूण छाटून तिद्दिनची खूण केलेली आढळली, असे इद्वलच्या आजोबांचे म्हणणे. तिद्दिनच्या म्हाताऱ्याचे म्हणणे असे की कान कुत्र्याने फाडला, आणि ज्याला कुत्र्याचे दात आणि कात्री यांतला फरक कळत नाही त्याने मेंढ्या पाळू नयेत. हे प्रार्थनामंदिराच्या दारात, उपदेश संपल्यावर, सर्वांसमक्ष बोलले गेले. त्यानंतर दोन उन्हाळे एका घरची माणसे दुसऱ्याच्या लोकरकातरणीला गेली नाहीत. बाहेरच्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. पण एका घराच्या बळावर कातरणी होत नाही. आज तुझ्या अंगणात सगळा डोंगर जमतो, उद्या माझ्या. हा फेरा तुटला की लोकर मेंढीच्या अंगावर सडते आणि माणसे एकमेकांच्या मयतालाही जाईनाशी होतात. आणि मग, इद्वल तीन-चार वर्षांचा असताना, तिद्दिनला मुलगी झाली, आणि तिचे नाव ठेवले गेले तांग्विस्तल. हे नाव तिद्दिनचे नव्हते. ते ब्रिन हेलिगचे होते. इद्वलच्या पणजीचे. त्या परगण्यात ते दुसऱ्या कोणाचे कधीच नव्हते. त्या उन्हाळ्यात तिद्दिनची माणसे कातरणीला आली, दोन्ही घरे एका लांब टेबलावर जेवली, आणि पुढे ती मुलगी चालू लागल्यापासून तिचे निम्मे बालपण ब्रिन हेलिगमध्ये गेले. ती ओढा ओलांडून येई. रेघेच्या दोन्ही बाजूंना चरणारे ते एकच कोकरू.

अर्थ त्याला पुढे सापडला. अ‍ॅबरिस्ट्विथच्या महाविद्यालयात जुने कायदे वाचताना, एका पावसाळी दुपारी, राजांच्या तहांच्या प्रकरणात त्याला त्या नावाचे दोन्ही तुकडे वेगवेगळे आढळले, आणि ते जोडताच त्याच्या अंगावर काटा आला. आनंदाचाच काटा होता तो. जिच्याकडे पाहताना आपल्याला बोलता येत नाही ती केवळ शेजारची मुलगी नव्हती. तिच्या नावातच दोन घरांचा इतिहास कोरलेला होता, आणि तो वाचू शकणारा डोंगरावरचा एकमेव माणूस आपण होतो. या आनंदातून त्याने जे अनुमान काढले ते तर्काला धरून होते. निदान तेव्हा त्याला तसे वाटले. ओलीस ही तहाची हमी. हमी ज्याच्या हाती ठेवली जाते त्याने ती जपायची असते, तिच्यावर हात टाकायचा नसतो. ब्रिन हेलिगच्या मुलाने तिद्दिनच्या मुलीला मागणी घातली आणि ती नाकारली गेली, तर पुन्हा दोन घरे तुटणार; आणि स्वीकारली गेली, तर ओलीस कायमची आपल्याच घरात आली, म्हणजे हमी संपली, म्हणजे तह संपला. कोणत्याही वाटेने गेले तरी तिच्या नावाचा भंग होत होता. म्हणून नाव अखंड ठेवायचे असेल तर गप्प राहायला हवे. सिद्धांत इतका घट्ट बांधलेला होता की त्यात भीतीचा एक चिरादेखील बसवलेला आहे हे त्याच्या लक्षात यायला आयुष्य लागले.

आणि मग ती कातरणी. सत्तेचाळीस सालची. त्या हिवाळ्यातल्या बर्फाने डोंगरावरच्या अर्ध्याअधिक मेंढ्या नेल्या होत्या. जुलैत जमलेली माणसे जास्त आणि जनावरे कमी. काम दुपारीच आटोपले, तरी कोणी घरी जाईना. इद्वल भिंतीच्या सावलीत दगडावर बसला होता. ती चहाची किटली घेऊन चढण चढून वर आली. तिच्या हातांना लोकरीचे तेल लागले होते आणि ते उन्हात चकाकत होते. तिने किटली गवतात ठेवली, त्याच्याशेजारी बसली, आणि बराच वेळ खाली अंगणाकडे पाहत राहिली. अंगणात लिलाव पुकारणारा गेथिन एलिस म्हाताऱ्या बायकांना हसवत होता. कातरलेल्या एडक्यासारख्या दिसणाऱ्या पाद्र्यालाच त्याने लिलावात काढले होते. मग ती म्हणाली, "काहीतरी बोल ना." इद्वल बोलला. तो तिच्या नावाविषयी बोलला. पहिल्या भागाविषयी, दुसऱ्या भागाविषयी, जुन्या राजांविषयी, शत्रूच्या गढीत वाढलेल्या मुलांविषयी. इतके सुंदर तो त्यापूर्वी कधी बोलला नव्हता आणि नंतरही बोलला नाही. तिने सगळे ऐकून घेतले. शेवटी गवताने हात पुसत तिने विचारले, "बरं. मग ओलिसानं काय करायचं असतं?" आणि तो म्हणाला, "राहायचं. ठेवलं असेल तिथं." तिने हातातले गवत टाकले. मग उठली, किटली उचलली. "गार झाला," म्हणाली, आणि उतरून गेली. पुढच्या वसंतात तिने गेथिन एलिसशी लग्न केले. इद्वल कार्डिफला आला, आणि दक्षिणेकडच्या मुलांना लॅटिन शिकवू लागला.

ती दुपार त्याने किती वेळा पुन्हा जगली असेल! तेलाने चकाकणारे हात, किटलीच्या तोटीतून निघणारी वाफ, गवतात उमटलेला तिच्या बसण्याचा ठसा, जो सावकाश उठत गेला, पात्यामागून पाते, आणि अखेर नाहीसा झाला. या सगळ्या वर्षांत त्याला तिच्याशिवाय राहावे लागले असे म्हणणे खरे नव्हते. नाव त्याच्यापाशी होते. दाढी करताना, उत्तरपत्रिका तपासताना, तळ्याभोवती फिरताना तो ते मनात म्हणे, आणि ते प्रत्येक वेळी अखंड असे. इतरांना माणसे मिळाली, आपल्याला नाव मिळाले; आणि नाव आपण जपले. या समजुतीवर तो उभा होता. आज लाल बुटांतल्या एका पोरीने तिला धक्का दिला होता. कारण त्या मुलीला त्या नावाने हाक मारली गेली होती. अर्थ तिला ठाऊक नव्हता, तिच्या आईला ठाऊक नव्हता; आणि तरी ते नाव त्या दोघींमध्ये एखाद्या जिवंत दोरीसारखे ताणले जात होते, ढिले पडत होते, वापरले जात होते. त्याने जे जपले होते ते मग काय होते? गप्प राहण्यात आपण योग्य केले की नाही, एवढेच त्याला एकाएकी कळायला हवे झाले. आणि ते सांगू शकणारी व्यक्ती जगात एकच होती.

पुढच्या आठवड्यातला रविवार फुलांचा होता. ईस्टरच्या आधीच्या या रविवारी त्याच्या गावी माणसे आपापल्या थडग्यांवर येतात, ती घासूनपुसून स्वच्छ करतात आणि फुलांनी झाकून टाकतात. इद्वल दरवर्षी पैसे पाठवून कोणाकडून तरी आईच्या थडग्यावर फुले ठेववून घेई. या वर्षी तो स्वतः शनिवारच्या बसने उत्तरेकडे निघाला, गावच्या खाणावळीत उतरला, आणि सकाळी, दव वाळण्याआधी, दफनभूमीच्या फाटकात पिवळ्या डॅफोडिलांची जुडी घेऊन उभा राहिला. जाममुरंब्याच्या बरण्या, बादल्या, ब्रश. काळ्या पाटीच्या दगडांवर पाणी ओतल्यावर ते क्षणभर नव्यासारखे चमकत होते. आणि त्याच्या पणजीच्या थडग्याशी, गुडघ्यांखाली पोते घेऊन, एक पिकल्या केसांची बाई सुरीच्या टोकाने अक्षरांत भरलेले शेवाळ खरवडत होती.

तो तिच्यामागे जाऊन उभा राहिला. ती वळून पाहीपर्यंत वाट पाहू लागला.

"सावली कुणाची पडली?" ती न वळताच म्हणाली. मग वळली. "इद्वल ब्रिन हेलिग! जिवंत आहेस होय! मला वाटलं, तुझ्या लॅटिनसारखाच तूही गेलास."

"तू इथं? हे तर आमचं..."

"तुमचं, आणि तुम्ही बघत नाही. तुझी आई गेल्यापासून मीच करते. माझंच नाव आहे ना दगडावर, शेवाळ खाऊ देऊ होय? बस. नको, तिथं नको, ओलं आहे."

तो पोत्याच्या कडेवर बसला. त्याने बाजारातली गोष्ट सांगितली. ती सुरी धरून ऐकत राहिली आणि 'टँगो'पाशी इतकी हसली की शेजारच्या थडग्यावरच्या म्हातारीने मान वर केली.

"गेथिनला सांगू नकोस हं. उद्यापासून तेच म्हणेल." मग डोळे पुसत, "आणि तू त्या बिचारीला अर्थ सांगितलास असशील."

"सांगितला."

"मला वाटलंच."

दूर भिंतीपाशी मोटारीचे दार उघडे होते आणि गेथिन एलिस, आता जाडजूड, काठी टेकवून, पाद्र्याला काहीतरी विकत असल्यासारखा बोलत होता. इद्वलने फुलांचे देठ हातात फिरवले. बसमध्ये त्याने प्रश्नाची जी सुबक रचना केली होती तिच्यातला एकही शब्द त्याला आठवेना.

"तुला कधी तसं वाटलं का," तो म्हणाला, "की तुला आमच्याकडे ठेवलं होतं? दोन घरांसाठी?"

"ठेवलं?" तिला खरोखरच नवल वाटले. "मला कुणी ठेवलं नाही. मी पळून यायचे. आमच्या घरी सात पोरं आणि तुझ्या आजीकडे मनुकांचा पाव."

"पण नाव. आमच्या घरचं नाव तुमच्या घरी दिलं, ते तहासाठीच ना?"

"कसला तह, इद्वल? आईनं शंभरदा सांगितलंय मला. मी झाले तेव्हा तुझी आजी पाव घेऊन बाळंतिणीला बघायला आली. भांडण चालूच होतं. बाबा दारात उभे, या म्हणेनात, जा म्हणेनात. मी आत पाळण्यात किंचाळत होते. तर तुझी आजी दारातूनच ओरडली, 'अगं तांग्विस्तल, पुरे आता!' तिची सासू भारी आरडाओरडा करायची म्हणे. सवयीनं आलं तोंडात. आणि मी गप्प झाले. बाबांना हसू आलं, हसू आल्यावर दार अडवून उभं राहता येईना. आई म्हणाली, हिला हेच ऐकू येतं, तर हेच ठेवा." तिने सुरीचे टोक शेवटच्या अक्षरातून ओढले आणि शेवाळाची हिरवी दोरी बाहेर आली. "अर्थ कुणाला माहीत होता? मला पहिल्यांदा तूच सांगितलास. भिंतीपाशी."

इद्वल पाटीकडे पाहत होता. ओल्या दगडात ते नाव आता स्वच्छ दिसत होते, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, खोल, काळे. तर्काची ती इमारत त्याच्या डोळ्यांसमोर कोसळली नाही; ती तशीच उभी होती, चिरा न् चिरा सांधलेला. फक्त तिच्यात कोणी राहत नव्हते, आणि कधी राहिलेही नव्हते. ओढ्याकाठी येऊन थांबणाऱ्या, मान वर करणाऱ्या, मागे फिरणाऱ्या त्या मेंढ्या त्याला आठवल्या. पलीकडचे हिरवे गवत आठवले.

"तू वर आलीस, त्या दिवशी..." तो म्हणाला.

तिने त्याच्या हातातली फुले घेतली, बरणीत ठेवली, एकेक देठ सैल केला.

"तांग!" भिंतीकडून आरोळी आली. "बादली कुठं ठेवलीस? आणि तो चहा गार होतोय!"

"आले, आले!" ती ओरडली, आणि ओरडता ओरडताच उठू लागली, इद्वलच्या खांद्यावर हात टेकून, गुडघ्यांना शिव्या घालत. हात ओला होता, आणि उठून झाल्यावरही तो क्षणभर तेथेच राहिला.

"त्या माणसाला अजून माझ्या नावाचा अर्थ ठाऊक नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "त्यानं नुसती हाक मारली. तूही नुसती हाक मारायला हवी होतीस, इद्वल. मी आले असते."